क्रिमिनॉलॉजीच्या मुलांचा इंग्रजीचा पेपर काढू नका : अभ्यास मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
अभ्यास मंडळ, गुन्हेशास्त्र विभाग यांस,

स. न. वि. वि.

येत्या जूनपासून दुसऱ्या वर्षाचा ‘इंग्रजी आणि तांत्रिक लेखन’ हा चार क्रेडिटचा पेपर बंद होणार, असे परिपत्रक विभागाच्या फलकावर लागले आहे. त्याच्या जागी ‘संवाद कौशल्ये’ नावाचा दोन क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स येणार आहे. मुलांनी घरी बसून व्हिडिओ पाहायचे आणि शेवटी मोबाइलवर पर्यायी प्रश्नांची परीक्षा द्यायची. परिपत्रकात तीन कारणे दिली आहेत. शिक्षक मिळत नाहीत. व्याकरण आता सॉफ्टवेअर सुधारते. आणि खालच्या कोर्टांचे काम मराठीत चालत असताना इंग्रजीचा एवढा अट्टहास कशाला. विभागात जाऊन विचारले तर “वरून आलंय” एवढेच उत्तर मिळते. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण असे पेपर गुपचूप काढून टाकणारी संस्था एकटी नसावी.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. दिवसा मी फोर्टातल्या एका पोटमाळ्यावर कोर्टाच्या कागदांचा अनुवाद करते. फौजदारी अपील हायकोर्टात गेले की मराठी फिर्याद, जबाब, पंचनामे, जप्तीचे कागद हे सगळे इंग्रजीत लावावे लागते, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. संध्याकाळी तुमच्याच विभागात तासिका तत्त्वावर हा पेपर शिकवते. पेपर गेला की माझे तासही जातील, हे लपवत नाही. पण ते मानधन किती आणि किती महिन्यांनी हातात पडते हे तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी कोणी खुले पत्र लिहीत बसत नाही.

पहिली तक्रार अशी, की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घातल्या. नव्या कोर्सचे प्रकरणवार स्वरूप मी पाहिले. मुलाखतीला कसे बसावे, ईमेलची सुरुवात कशी करावी, गटचर्चेत मुद्दा कसा मांडावा. वाईट काहीच नाही. विमा विकणाऱ्याला, हॉटेलात काम करणाऱ्याला, सगळ्यांना उपयोगी. पण घटनास्थळाचे टिपण, तपासणी अहवाल, तुरुंगातील मुलाखतीची नोंद, संशोधन निबंध यांतले एकही लेखन त्यात नाही. क्रिमिनॉलॉजीच्या मुलाला तर हेच लिहून पोट भरायचे आहे.

गेल्या सत्रात वर्गाच्या कोपऱ्यात मी एक खुर्ची आडवी पाडली, स्टीलचा पेला लवंडून ठेवला, फरशीवर कुंकवाच्या पाण्याचे थेंब टाकले आणि खिडकीचे एक दार उघडे ठेवले. पाहा आणि अर्ध्या तासात इंग्रजीत लिहा, एवढेच सांगितले. बहुतेक कागदांवर पहिल्याच ओळीत ‘ब्लड’ आले. दुसऱ्या ओळीत ‘द ॲक्यूज्ड एंटर्ड थ्रू द विंडो’. कोण ॲक्यूज्ड? कोणावर आरोप ठेवला, कोणी ठेवला? खिडकी उघडी दिसली एवढेच तर डोळ्यांनी पाहिले होते. एका मुलाने ‘अ ब्रूटल स्ट्रगल टुक प्लेस’ असे लिहिले. चांगल्या कॉन्व्हेंट शाळेतला मुलगा, इंग्रजी फाडफाड बोलतो. आणि कर्जतहून रोज लोकलने येणारी, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी, तिने लिहिले होते : ‘थ्री रेडिश स्टेन्स, राउंड, नियर द लेफ्ट फ्रंट लेग ऑफ द चेअर. डिस्टन्स नॉट मेझर्ड.’ मोजपट्टी मी कोणालाच दिली नव्हती. अंतर मोजलेले नाही, ही गोष्ट लिहून ठेवायची असते, हे वर्गात फक्त तिला सुचले. तिच्या बाकीच्या कागदावर व्याकरणाच्या चुका होत्याच. त्या सत्रभरात सुधारता येतात. ‘ब्रूटल’ लिहायची खोड सुटायला जास्त वेळ लागतो, हा माझा अनुभव.

तुमच्या पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत ही मुलगी आणि तो मुलगा यांच्यातला फरक कसा कळणार? तो कदाचित पुढेच जाईल.

दुसरी तक्रार वेळेबद्दल आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. १८६० चा दंड संहितेचा कायदा आणि १८७२ चा पुरावा कायदा गेला, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता गेली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ च्या पोटकलम ३ प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे जी माणसे लागणार ती आज तुमच्या वर्गांत बसली आहेत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्या-अक्षरांच्या खुणेसकट. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला पिंजऱ्यात न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. कोर्टाला वाटले तर बोलावते, नाहीतर कागदावर काम भागते. मग त्या कागदातले वाक्य दोन अर्थांचे निघाले तर खुलासा करायला तिथे कोण असणार? लेखनाची गरज इतकी वाढलेली असताना नेमका लेखनाचा पेपर काढायचे कोणाला सुचले, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

आता सॉफ्टवेअरचे कारण घेऊ. माझ्या वर्गातली पोरे ते वापरतात, मला माहीत आहे, आणि स्पेलिंगसाठी वापरले तर माझी काही हरकत नाही. पण ही यंत्रे वाक्य गुळगुळीत करतात. ‘अलेज्ड’ काढून टाकतात, कारण त्याने वाक्य जड होते. ‘अप्रॉक्झिमेटली’ गाळतात. ‘कन्सिस्टंट विथ’ च्या जागी ‘प्रूव्ह्ज’ घालून देतात, कारण ते ठसठशीत वाटते. आपल्या कामात या दोन शब्दप्रयोगांत एखाद्याची जन्मठेप असते. जखम अशा हत्याराने होऊ शकते, हे डॉक्टर सांगू शकतो. याच हत्याराने झाली, हे सहसा सांगू शकत नाही.

हे वकिली कीस काढणे नव्हे. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने २०१५ साली जाहीर कबूल केले, की केसांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीच्या तपासून पाहिलेल्या साक्षींपैकी किमान ९० टक्के साक्षींत त्यांच्या तज्ज्ञांनी चुकीची विधाने केली होती. सूक्ष्मदर्शकातून दिसते त्यापेक्षा पुष्कळ जास्त ते बोलून गेले होते. त्यांतल्या काही खटल्यांत फाशीची शिक्षा झालेली होती. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, तिथल्या न्याय विभागाने आपल्या तज्ज्ञांना ‘रीझनेबल सायंटिफिक सर्टन्टी’ (वाजवी शास्त्रीय खात्री) हा शब्दप्रयोग अहवालात आणि साक्षीत वापरू नका असे सांगितले. जगातल्या एवढ्या मोठ्या यंत्रणेला एका शब्दप्रयोगावर बंदी घालावी लागते आणि आपण म्हणतो, व्याकरण काय, मोबाइल बघून घेईल.

आणखी एक. विद्यार्थी प्रकल्पासाठी खरे कागद हाताळतात, समुपदेशन केंद्रांत जातात. पीडितेचा जबाब कुठल्याशा फुकट ॲपमध्ये चिकटवला, तर तो कुठे जातो? लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. ॲपमध्ये चिकटवणे म्हणजे प्रसिद्ध करणे की नाही, यावर वकील भांडतील. पण असा जबाब कुणा परक्याच्या हाती देऊ नये, एवढे तरी मुलांना कोणीतरी शिकवायला हवे. मी शिकवत होते. तुमच्या व्हिडिओत ते नाही.

तिसरे कारण मराठीचे. हे मला सगळ्यात जास्त लागले, कारण मी स्वतः परळच्या मराठी शाळेत शिकले आणि मराठी कागदांवर जगते. खालच्या कोर्टांत मराठी चालावी, चांगली चालावी, या मताची मी आहे. पण ज्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही कागदांवर काम करायचे आहे त्याच्याकडून एक भाषा काढून घेणे, याला मराठीप्रेम म्हणायचे का? फिर्याद मराठीत असते, पंचनामा मराठीत असतो. त्याच फायलीत शवविच्छेदनाच्या पी. एम. नोट्स इंग्रजीत असतात, कलिन्याच्या प्रयोगशाळेतून येणारा सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, इंग्रजीत असतो. अपीलात सगळेच इंग्रजी होते. या दोन्हींच्या मधल्या सांध्यावर जे घडते ते मी रोज पाहते, त्यातले थोडे सांगते.

मराठीत आपण दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा ‘मी’ तसाच ठेवतो. आरोपी सुरेशबद्दल साक्षीदाराच्या जबाबात असते : ‘सुरेशने सांगितले की मी घरी होतो.’ मराठी वाचकाला शंका येत नाही, घरी सुरेश होता. मुलगा त्याचे इंग्रजी करतो : ‘सुरेश टोल्ड दॅट आय वॉज ॲट होम.’ आता घरी कोण होता? साक्षीदार. एका सर्वनामाने आरोपी घराबाहेर गेला आणि साक्षीदार घरात आला. हे मी गंमत म्हणून रचलेले नाही. नाव तेवढे बदलले आहे.

‘मंगळवारी रात्री साडेबारा वाजता’ असे जबाबात असते. बोलणाऱ्याच्या मनात मंगळवारचीच रात्र चालू असते, पण कॅलेंडरप्रमाणे बुधवार लागलेला असतो. इंग्रजीत ‘ट्यूजडे, १२.३० ए. एम.’ लिहिले की घटना चोवीस तास मागे जाते आणि आरोपीचा वकील उलटतपासणीत तेवढ्यावर तास काढतो. चोवीस तासांच्या घड्याळाने ०.३० लिहायचे, तारीख तपासायची, आणि मूळ शब्द अवतरणात ठेवायचे, हे वर्गात करून घ्यावे लागते. ‘त्याने त्याला मारले’ या वाक्यात मारहाण आहे की खून, हे पुढचे-मागचे वाचल्याशिवाय कळत नाही. घाईत ‘किल्ड’ लिहिले गेले आहे, माणूस कोर्टात जिवंत साक्ष देत असताना.

उलट काही ठिकाणी पोलिसांची मराठी फार नेमकी असते आणि इंग्रजी करताना आपण ती ढिली करतो. चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा हे चार वेगळे गुन्हे. दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात. मुले वर्तमानपत्रे वाचून सगळ्याला ‘रॉबरी’ लिहितात. जखमांचे तसेच : धारदार शस्त्राची ‘इन्साइज्ड’, बोथट वस्तूने चिरडून फाटलेली ‘लॅसरेटेड’. मुलांच्या वहीत दोन्ही ‘कट’. कट म्हटल्यावर कोयता होता की दांडका, हा प्रश्नच गायब.

आणि इंग्रजीतली ‘अ’, ‘द’ ही उपपदे. आपल्या भाषेत ही भानगड नाही, म्हणून आपली मुले ती कुठेही पेरतात. जप्ती पंचनाम्यात ‘अ नाइफ’ असेल तर एक चाकू सापडला. ‘द नाइफ’ म्हटले तर तोच, ज्याने वार झाला. जप्त केलेला चाकू हाच वापरलेला चाकू, हे तर अभियोग पक्षाने सिद्ध करायचे असते! अनुवादकाने ते एका अक्षरात देऊन टाकायचे?

भाषा हाच पुरावा होतो, हेही या पेपरमध्ये शिकवले जायचे. इंग्लंडमध्ये डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या मुलाला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी झाली. त्याचा जबाब त्याने स्वतःहून, प्रश्न न विचारता सांगितला आणि आम्ही शब्दशः उतरवला, असे पोलीस म्हणाले होते. पुढे माल्कम कुल्थार्ड या भाषाशास्त्रज्ञाने त्या जबाबातला ‘देन’ हा साधा शब्द धरला. सामान्य माणूस बोलताना बहुतेक ‘देन आय’ म्हणतो. या जबाबात ‘आय देन’ पुन्हा पुन्हा येते, आणि ती पोलिसी लेखनाची लकब. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने बेंटलीला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. मुख्य कारण खटल्याच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेले सदोष मार्गदर्शन होते, पण त्या जबाबावरचे हे काम आज जगभर शिकवले जाते. हे सांगितल्यावर माझ्या वर्गात एकाने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, आपल्याकडे रिक्षावाल्याच्या जबाबात ‘सदर इसमाने मला लज्जा उत्पन्न होईल असे’ येतं, ते तो बोललेला असतो का?” एवढा प्रश्न पडावा म्हणूनच तर शिकवायचे. या मुलाला कोणत्या व्हिडिओसमोर बसवणार आहात?

संशोधनाच्या लेखनाबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे प्रत्येक निबंधात येतात आणि प्रत्येक निबंधात ‘क्राइम हॅज इन्क्रीज्ड’ येते. वाढले ते नोंदलेले गुन्हे. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर त्या अहवालात त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो, हे अहवालातच लिहिलेले असते. संख्या आणि लाख लोकसंख्येमागचा दर यांत फरक असतो. वाक्य नीट बांधता आले नाही तर आकडे बरोबर असूनही विधान खोटे होते. आणि विद्यार्थी बेकारिया, लाँब्रोझो, सदरलँड हे गुन्हेशास्त्राचे विचारवंत इंग्रजीतूनच वाचतात. त्यांच्यावर मराठीत चांगली पाठ्यपुस्तके आणा, मी पहिली प्रत विकत घेईन. तोवर वाचन तरी शिकवा.

शिक्षक मिळत नाहीत, या कारणावर फार बोलत नाही. तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा, सुट्टीत काही नाही, आणि दर सत्राला नव्याने अर्ज. मग मिळणार कुठून?

यात मार बसणार आहे तो कर्जत, विरार, बदलापूर, मानखुर्दहून येणाऱ्या मुलांना. ज्यांच्या घरी पैसा आहे ते बाहेर क्लास लावतील. लावू लागलेसुद्धा, अंधेरीत ‘फॉरेन्सिक रिपोर्ट रायटिंग’ च्या शनिवार-रविवारच्या बॅचची जाहिरात पोरांच्या ग्रुपवर फिरते आहे. सरकारी शुल्कात वर्गात मिळत होते ते आता बाजारात विकत घ्यायचे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

परिपत्रक मागे घ्या, निदान यंदा स्थगित करा, आणि विद्यार्थ्यांची व शिकवणाऱ्यांची बाजू ऐकून मगच निर्णय घ्या. चार क्रेडिट ठेवा. संवाद कौशल्ये हवीच असतील तर वेगळी द्या, याच्या जागी नको.

परीक्षा लेखी घ्या. एक घटनास्थळाचे टिपण, एक अहवाल आणि एका मराठी जबाबाचा इंग्रजी अनुवाद, मूळ मराठी शेजारी ठेवून. पर्यायी प्रश्न हवेच असतील तर २० गुणांपुरते.

पेपर एकट्या इंग्रजीच्या शिक्षकावर सोडू नका. सत्रातून काही तास फौजदारी वकील, काही तास न्यायवैद्यक शास्त्राचे डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले अहवाल लिहिणारे अधिकारी यांना बोलावा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विभागाच्या ग्रंथालयात, मुलांच्या हाताला येतील असे ठेवा. आत्ता ते कुलपात आहेत.

खऱ्या जबाबांवर यंत्र वापरण्याबद्दल लेखी नियम करा. तो आज नाही.

आणि या पेपरला पूर्णवेळ पद मंजूर करून घ्या. ते मलाच द्या असे म्हणत नाही. रीतसर जाहिरात काढा, माझ्याहून चांगले कोणी आले तर मी आनंदाने पोटमाळ्यावर परत जाईन.

मंडळाची पुढची बैठक मेच्या शेवटच्या आठवड्यात असल्याचे कळते. मला दहा मिनिटे द्या. नावे झाकून मुलांच्या वह्या आणि काही अनुवाद घेऊन येते. आपण ते मोठ्याने वाचू. त्यानंतरही पेपर नको असे मंडळाला वाटले, तर तो निर्णय कारणांसह लेखी द्या आणि फलकावर लावा. इंग्रजीत लावा किंवा मराठीत, पण सह्यांसकट.

आपली विश्वासू,
कोर्ट अनुवादक आणि तासिका तत्त्वावरची शिक्षिका,
परळ, मुंबई